तीन कारखान्यांची एक बस

शहरातील बस ही लक्षावधी माणसे रोज वापरतात आणि त्यांतील फारच थोडी पाहतात अशी वस्तू आहे. स्टॉपवर ताटकळलेल्या मनुष्याची नजर तिच्या कपाळावरच्या क्रमांकावर जाते, तेथून पायरीवर उतरते, आणि आत बसावयास जागा मिळाली की बस नावाच्या यंत्राशी असलेला त्याचा संबंध तेथेच संपतो. परंतु याच रांगेत क्वचित एखादा असा इसम निघतो, की ज्याच्या मार्गाची बस समोर येऊन उभी राहिली तरी तो चढत नाही, कारण तिच्या मागून येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज त्याने ओळखलेला असतो आणि त्याला त्याच गाडीतून, तेही इंजिनाला जवळात जवळ असलेल्या बाकावर बसून, जावयाचे असते. आगगाडीच्या शौकिनाला समाजात थोडीबहुत प्रतिष्ठा आहे, जहाजांच्या शौकिनाला तर कवित्वाचे वलयही लाभते. बसच्या शौकिनाकडे मात्र घरची माणसेसुद्धा किंचित करुणेने पाहतात. वस्तुतः त्याची विद्या या दोघांच्या विद्येहून अवघड आहे, कारण जी वस्तू तो पारखावयास निघतो ती एक वस्तूच नसते.

या विद्येचे माहेर इंग्लंड. तेथे ऑम्निबस सोसायटी १९२९ साली स्थापन झाली, आणि पीएसव्ही सर्कल ही दुसरी मंडळी १९४३ साली, म्हणजे रात्री दिवे लावण्याचीही चोरी होती अशा ऐन युद्धकाळात, एकत्र आली. कोणत्या बसचे चॅसिस कोणत्या क्रमांकाचे, बॉडी कोणी बांधली, नोंदणी केव्हा झाली आणि मोडीत केव्हा निघाली, याची दप्तरे ही मंडळी एखाद्या कसलेल्या फडणिसाच्या निष्ठेने ठेवीत आली आहे. इयन ॲलन नावाच्या, सदर्न रेल्वेच्या कचेरीत नोकरीस असलेल्या तरुणाने १९४२ साली त्या रेल्वेच्या इंजिनांच्या क्रमांकांची एक लहानशी पुस्तिका काढली. ती इतकी खपली, की पुढे लंडनच्या बसगाड्यांच्याही तशाच पुस्तिका निघाल्या आणि खिशात पुस्तिका व हातात पेन्सिल घेऊन पाहिलेल्या गाडीपुढे खूण करणाऱ्या पोरांची एक पिढीच तयार झाली. पण क्रमांक टिपणे ही या शास्त्राची बिगारी यत्ता होय. सगळे क्रमांक टिपून झाले तरी काही पोरांची जिज्ञासा शमत नाही, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या चढावर निरनिराळ्या का कण्हतात हा प्रश्न त्यांना पडतो. पारखी तेथून घडू लागतो.

मोटारगाडी विकत घेणारा एका कारखान्याची गाडी घेतो. बसचे तसे नव्हते, आणि पुष्कळ अंशी अजूनही नाही. एक कारखाना चॅसिस, म्हणजे चाके, आस, स्टिअरिंग आणि लांब तुळया यांचा खालचा सांगाडा, करी. दुसरा त्यावर पत्र्याची आणि काचांची बॉडी उभारी. आणि इंजिन कित्येकदा तिसऱ्याच गावाहून येई. समोरच्या जाळीवर ज्याचे नाव तो त्या बसचा जनक, असे समजणारा उतारू फसतो. महायुद्धानंतरच्या काळातील डेमलर कंपनीच्या दुमजली चॅसिसची सांकेतिक नावे याला उत्तम साक्षी आहेत. सीव्हीजी-६, सीव्हीडी-६ आणि सीव्हीए-६ ही तीन नावे एकाच चॅसिसची; तिसरे अक्षर तेवढे इंजिनाचे. ‘जी’ असेल तर इंजिन गार्डनरचे, ‘डी’ असेल तर खुद्द डेमलरचे, ‘ए’ असेल तर एईसीचे, आणि शेवटचा आकडा सिलिंडरांचा. एखाद्या नगरपालिकेने एकाच वर्षी यांतील दोन जाती विकत घ्याव्यात, त्यांवर एकाच बांधणीदाराकडून एकसारख्या बॉड्या चढवून घ्याव्यात, आणि मग डेपोच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाने डोळे मिटून, फक्त कानांनी, त्यांची निवड करावी, हा त्या काळच्या इंग्रजी गावांतील एक निरुपद्रवी आणि अत्यंत गंभीरपणे खेळला जाणारा खेळ होता.

त्या काळच्या वादांत तीन इंजिन-कारखान्यांची नावे पुनःपुन्हा येतात: गार्डनर, एईसी आणि लेलँड. त्यांची तुलना न्याय्य व्हावयाची तर शहरी बसच्या इंजिनाकडून आपली मागणी काय असते ते आधी पाहिले पाहिजे, कारण येथेच नवशिका पारखी अश्वशक्तीचे आकडे मांडून बसतो आणि रस्ता चुकतो. शहरातील बस दर दोन-तीनशे यार्डांवर थांबते. थांबते आणि पुन्हा निघते. तिला वेग नको असतो, तिला भरल्या पोटी, साठ-सत्तर माणसांसकट, थांबलेल्या स्थितीतून हलावयाचे असते, आणि तेही दिवसातून शेकडो वेळा, वर्षानुवर्षे. म्हणून जुन्या अभियंत्यांनी इंजिन मोठे घेतले आणि त्याला सावकाश फिरविले. एईसीच्या प्रसिद्ध इंजिनाचे आकारमान ९.६ लिटर, पण लंडनच्या गाड्यांत त्याची शक्ती ११५ अश्वशक्तीवर बांधून ठेवलेली आणि फेरे मिनिटाला १८०० पर्यंतच. आजच्या मोटारकारखानदाराला एवढ्या आकारमानातून एवढीच शक्ती काढणे ही उधळपट्टी वाटेल. पण ज्या इंजिनाला कधीच दमछाक होईपर्यंत पळावे लागत नाही ते थोडे झिजते, थोडे तापते आणि डेपोच्या वर्कशॉपात थोड्या वेळा येते. आणि जी बस वर्कशॉपात नाही तीच बस रस्त्यावर असते. बसइंजिनाची खरी कसोटी या हिशेबात आहे.

या कसोटीवर मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथील गार्डनर या जुन्या पेढीचे ६-एलडब्ल्यू हे इंजिन उतरले तसे क्वचितच दुसरे उतरले असेल. आकारमान ८.४ लिटर, सिलिंडर सहा, प्रारंभीची शक्ती १०२ अश्वशक्ती आणि फेरे अवघे १७००. कागदावर ते तिघांत सर्वांत अशक्त. एलडब्ल्यू जातीची इंजिने १९३१ च्या सुमारास बाहेर पडली, आणि इतर कित्येक कारखानदार डिझेल आधी एका बाजूच्या लहान कोठडीत पेटवून मग सिलिंडरात सोडण्याचे प्रयोग करीत असताना गार्डनरने थेट सिलिंडरातच फवारा सोडण्याची साधी रीत धरली व ती सोडली नाही. परिणाम असा, की त्याचा डिझेलचा खप प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत इतका कमी ठरला, की काटकसरी नगरपालिकांचे हिशेबनीस त्याचे भक्त बनले. चढावर ते बैलासारखे मान खाली घालून ओढी. धाव म्हटल्यास मात्र धावत नसे. उभ्या बसमध्ये त्याचे संथ फिरणे असे असे, की प्रत्येक ठोका स्वतंत्र मोजता यावा असे वाटे. गार्डनरचे भक्त हा आवाज संगीतात जमा करतात. एईसीचे भक्त त्याला खडखडाट म्हणतात. या दोन पक्षांत तडजोड झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

एईसी आणि लेलँड यांचे वैर मात्र भाऊबंदकीचे होते, आणि ते अक्षरशः. लेलँडची टायटन ही १९२७ सालची दुमजली बस, जिने ठेंगण्या आणि चपळ दुमजली बसचा नमुना साऱ्या ब्रिटनला घालून दिला, ती रॅकहॅम नावाच्या अभियंत्याची कृती. आणि पुढच्याच वर्षी लेलँड सोडून एईसीत गेलेल्या याच रॅकहॅमने १९२९ साली एईसीची रीजंट काढली. म्हणजे पुढे वीस-तीस वर्षे ज्या दोन घराण्यांचे समर्थक एकमेकांशी हमरीतुमरीवर येत राहिले त्या दोहोंचा मूळपुरुष एकच. लंडनने याचा गमतीदार उपयोग केला. महायुद्धानंतर त्या शहराला बस हव्या होत्या आणि त्या एकट्या एईसीला वेळेवर देता येणे शक्य नव्हते. तेव्हा रीजंटच्या तिसऱ्या पिढीची आरटी ही बस मुख्य धरून, लेलँडकडूनही लंडनच्या बेताबरहुकूम चॅसिस घेण्यात आले. आरटी ४८२५, आणि लेलँडच्या चॅसिसवरील आरटीएल १६३१ व आठ फूट रुंदीच्या आरटीडब्ल्यू ५००, अशी सुमारे सात हजार गाड्यांची ही एक जात झाली. उतारूच्या लेखी सगळ्या लाल, सगळ्या सारख्या. पारख्याच्या लेखी आरटीत एईसीचे ९.६ लिटर आणि आरटीएलमध्ये लेलँडचे ९.८ लिटर, नळीचा व्यास आणि दट्ट्याची धाव यांत दोन-दोन मिलिमीटरांचा फरक, आणि त्या फरकावर उभे राहिलेले आयुष्यभराचे पक्षपात.

आरटी चालविणाऱ्याचे पाय आणि हात पाहण्यासारखे असत. तिच्यात क्लचचे पायडल नव्हते. त्या जागी गिअर बदलण्याचे पायडल होते. स्टिअरिंगच्या खालच्या लहानशा दांडीने ड्रायव्हर पुढचा गिअर आधीच निवडून ठेवी, निवडल्यावरही काहीच घडत नसे, आणि मग योग्य क्षणी डावा पाय दाबून सोडला की आत निवड अमलात येई. इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मध्ये तेलाने भरलेले फ्लायव्हील असल्यामुळे बस गिअरमध्येच उभी राहू शके, आणि तशी ती उभी असताना खिडक्यांच्या काचा, बाकांच्या नळ्या आणि उतारूंच्या हनुवट्या एका मंद तालावर थरथरत. वाकबगार ड्रायव्हरची आणि उमेदवाराची पारख याच पायडलावर होई.

येथवर आवाजाचे झाले. ओळखीचा प्रश्न याहून बिकट, आणि तो हार्टफर्डशरमधील ऑल्डनम येथे उभा राहिला. ही इमारत मुळात भुयारी रेल्वेच्या डेपोसाठी बांधलेली. रेल्वे तेथवर कधी पोहोचलीच नाही, आणि युद्धात तिच्यात हॅलिफॅक्स बाँबफेकी विमाने तयार झाली. पुढे लंडनच्या साऱ्या बसगाड्यांची मोठी दुरुस्ती तेथे होऊ लागली. आरटी आत आली की बॉडी उचलून चॅसिसपासून वेगळी करीत. चॅसिस एका वाटेने जाई आणि बॉडी दुसऱ्या वाटेने. बॉडीच्या कामाला दिवस जास्त लागत, म्हणून एकमेकांची वाट पाहत बसण्याऐवजी तयार असलेली कोणतीही बॉडी तयार असलेल्या कोणत्याही चॅसिसवर चढविली जाई, आणि आजच आत आलेल्या गाडीचा क्रमांक व परवाना आजच बाहेर निघणाऱ्या गाडीला देऊन टाकीत, म्हणजे भरलेल्या कराचा एक दिवसही वाया जाऊ नये. कारखान्याच्या दृष्टीने हा बंदोबस्त निर्दोष होता. पारख्यांच्या दृष्टीने मात्र अनर्थ झाला: पुस्तिकेत खूण केलेली गाडी दोन आठवड्यांनी पुन्हा दिसली तर ती तीच गाडी असे म्हणावे काय? वेदान्त्यांनी देह आणि देही यांचा जो काथ्याकूट केला तोच या मंडळींनी चॅसिस आणि बॉडी यांचा केला, आणि त्यांच्या बाजूने सांगावयाचे तर बॉड्यांचे क्रमांक वेगळे टिपून, कोणती बॉडी कोणत्या साली कोणत्या चॅसिसवर होती याच्या वंशावळी तयार करून, त्यांनी तो बराचसा सोडविलाही.

लंडनची राउटमास्टर ही बस ऑल्डनमच्या या अदलाबदलीच्या विचाराची परिणती. पहिला नमुना १९५४ साली लोकांसमोर आला, नियमित उत्पादन १९५८ ते १९६८ पर्यंत चालले आणि एकूण २८७६ गाड्या झाल्या. विमानाच्या बांधणीतून शिकलेली ॲल्युमिनियमची बॉडी, स्वतंत्र चॅसिस अजिबात नाही, इंजिन आणि मागची आस यांच्यापुरत्या दोन लहान चौकटी, पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा आणि ज्यात गिअर आपोआप बदलतात अशी गिअरपेटी. आरटीत ५६ आसने होती, हिच्यात जवळजवळ तेवढ्याच वजनात ६४ बसविली. इंजिन बहुतेक गाड्यांत एईसीचे तेच ९.६ लिटर, काहींत लेलँडचे. परंतु तीस वर्षे उलटल्यावरही बॉडी धडधाकट राहिली आणि इंजिने मात्र थकली, तेव्हा १९९० च्या दशकात कित्येक राउटमास्टरांत कमिन्स आणि इव्हेको यांची इंजिने बसविण्यात आली, आणि शतक पालटल्यानंतर काही गाड्यांत कमिन्सचे लहान बी जातीचे इंजिन व ॲलिसनची स्वयंचलित गिअरपेटी आली. बाहेरून अणुमात्र फरक नाही, तोंड तेच, जिना तोच, मागचा उघडा फलाट तोच. आवाज मात्र मालमोटारीचा. जुन्या पारख्यांनी याचे सुतक पाळले. मला स्वतःला त्यांचे दुःख समजते पण पटत नाही, कारण इंजिन बदलता येणे हाच त्या बसच्या दीर्घायुष्याचा पाया होता. ९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावर तिची नित्याची सेवा संपली, ती इंजिन थकल्यामुळे नव्हे, मागचा उघडा फलाट आणि कंडक्टर हे दोन्ही नव्या व्यवहारात बसेनासे झाल्यामुळे.

इंजिन कोठे ठेवावे याही प्रश्नाचा निकाल अखेर कंडक्टरवरच झाला. लेलँडची ॲटलांटियन १९५८ पासून रस्त्यावर आली, तिचे इंजिन मागे. त्यामुळे पुढचा दरवाजा ड्रायव्हरशेजारी आला, आणि १९६६ साली ब्रिटनमध्ये दुमजली बस एकट्या माणसाने चालविण्यास परवानगी मिळताच पुढे इंजिन असलेल्या साऱ्या सुंदर गाड्या कालबाह्य ठरल्या. एईसीनेही मागे इंजिन असलेली राउटमास्टर बनविली, पण एकच. तोवर १९६२ मध्ये एईसी लेलँडच्या पोटात गेलेली होती, आणि नव्या मालकाला घरातच ॲटलांटियनची प्रतिस्पर्धी नको होती.

आपल्याकडे ही विद्या पुस्तिकांनी आली नाही, प्रवासाने आली. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली आणि दुमजली बस १९३७ साली आली. मद्रासेतील अशोक मोटर्स या कंपनीचे १९५५ साली अशोक लेलँड झाले, आणि १९६७ मध्ये तिने दुमजली बस काढली तेव्हा तिलाही टायटन हेच नाव दिले. रॅकहॅमने चाळीस वर्षांपूर्वी ज्या घरात टायटन घडविली त्या घराची ही सागरापलीकडची शाखा. टाटांच्या कारखान्याने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार केला, आणि तो १९६९ पर्यंत चालला. त्या काळातील गाड्यांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे. तेव्हा मुंबई-पुण्याच्या मुलांनी जो टाटा विरुद्ध लेलँड असा सनातन वाद घातला, तो मुळात स्टुटगार्ट विरुद्ध लँकेशायर असा होता, हे त्यांतील बहुतेकांच्या गावीही नव्हते.

महाराष्ट्रात या वादाला एसटीने एक वेगळेच वळण दिले. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील आपल्या मध्यवर्ती वर्कशॉपांत महामंडळ चॅसिसवर स्वतःच बॉडी बांधू लागले. त्यामुळे चॅसिस टाटाचे असो वा लेलँडचे, वर तोच लाल पत्रा, त्याच सरकत्या काचा, सामानाची तीच जाळी आणि ‘बाहेर डोके काढू नये’ हीच सूचना. ज्या उतारूला आत बसून, पुढे पाहू न देता, गाडी कोणाची ते सांगावयाचे त्याला दोनच साधने उरत: ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणाखालून येणारा आवाज आणि गिअरच्या दांडीची थरथर. उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटीने फिरलेल्या पुष्कळ मराठी मुलांना हे साधे. पुढे ते अधिक कठीण झाले, कारण अशोक लेलँडने जपानच्या हिनोशी करार करून त्यांच्या धर्तीची इंजिने घेतली, आणि टाटांनी १९९३ साली कमिन्सशी भागीदारी करून, पुढे जमशेदपुरास कारखाना काढून त्यांचे बी जातीचे, ५.९ लिटरचे इंजिन आपल्या गाड्यांत बसविण्यास आरंभ केला. राउटमास्टरच्या उत्तरायुष्यात जे घराणे तिच्या उदरात शिरले तेच येथे टाटाच्या झाकणाखाली आले. हे घराणे आपल्याला परके नाही. पुण्याच्या कोथरूडास कमिन्सचा किर्लोस्करांच्या भागीदारीतील उद्योग १९६२ सालीच सुरू झाला होता.

सीएनजीचा काळ पारख्यांना फारसा मानवला नाही. दिल्लीच्या हवेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिलेल्या हुकमानंतर तेथील साऱ्या बसगाड्या वायूवर गेल्या, इतर शहरांनीही ती वाट धरली. हवेच्या दृष्टीने ते इष्टच होते. परंतु वायूच्या इंजिनात ठिणगीने जळण पेटते, दाबाने नव्हे, आणि त्यामुळे डिझेलची ती मूळची ठोक्याची चाल नाहीशी होऊन सगळ्या गाड्या थोड्याफार सारख्या बोलू लागल्या.

विजेच्या बसने तर तोही आवाज काढून घेतला. मुंबईची शेवटची डिझेलवरील दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या मार्गावर धावून निवृत्त झाली. तिच्या आधीच, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस बेस्टच्या सेवेत दाखल झाली होती. ६५ आसनांची ही गाडी स्विच या कंपनीची. पारख्याने येथे हात टेकावेत असे वाटेल, पण वंशावळी काढण्याची सवय अशी सुटत नाही. स्विच ही अशोक लेलँडचीच. तिचा इंग्लंडमधील भाग पूर्वी ऑप्टेअर या नावाने ओळखला जाई. ऑप्टेअर १९८५ साली लीड्समधील रो या जुन्या बांधणीदाराच्या बंद पडलेल्या कारखान्यातून उभी राहिली. आणि रो ही पार्क रॉयलने १९४७ मध्ये ताब्यात घेतलेली, नंतर तिच्यासह एईसीच्याच समूहात गेलेली कंपनी. राउटमास्टरची बॉडी बांधली ती पार्क रॉयलने. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसासमोर जी निःशब्द लाल दुमजली गाडी उभी असते, तिचे लंडनच्या राउटमास्टरशी चुलत नाते निघते, आणि तेही इंजिनाकडून नव्हे, बॉडीच्या बाजूने. इंजिनाचा रकाना मात्र वह्यांत रिकामा राहिलेला नाही; बॅटरी किती किलोवॅट-तासांची, तिचे सेल कोणत्या कारखान्याचे आणि मोटार कोठून आणली, ही माहिती त्या जागी लिहिली जाऊ लागली आहे, आणि ती मिळविण्यासाठी पूर्वी पुढचे झाकण उघडेपर्यंत जसे डेपोच्या फाटकाशी थांबावे लागे तसे आता चार्जिंगच्या खांबाजवळच्या कामगाराशी बोलत उभे राहावे लागते.